धोमच्या वाटेवरचे तेरा दिवस

वाचकहो, वाई तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कुणी महाबळेश्वरला जाताना, कुणी मांढरदेवला काळूबाईच्या दर्शनाला जाताना, तर कुणी बाजाराच्या निमित्ताने. पुणे-बंगळूर रस्त्यावर सुरूरला वळले की दहा-अकरा किलोमीटरवर वाई लागते. पुढे पसरणीचा घाट चढला की पाचगणी. बहुतेक गाड्या त्याच रस्त्याने भरभर निघून जातात. पण वाईतून कृष्णामाईच्या वरच्या अंगाला आणखी एक वाट जाते. मेणवलीवरून ती धोम धरणाला पोचते. आज तुम्हाला त्या वाटेने न्यायचे आहे, आणि तेही सायकलवरून. मात्र ही मौजेची सहल नव्हे. माझे वडील वारले त्या तेरा दिवसांत या वाटेने मला कसे सांभाळले, ते सांगायचे आहे.

रोजचा नेम

आमची वस्ती वाईच्या अलीकडे तीन किलोमीटरवर. ऊस, हळद, थोडा शाळू आणि दावणीला दोन गाई असा आमचा प्रपंच. बावन्नाव्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण पाय हलवा." मी म्हणालो, "अहो, शेतकऱ्याला कसले पाय हलवायला सांगता?" ते म्हणाले, "खरं सांगा, हल्ली रानात चालत जाता की मोटारसायकलवर?" मी गप्प बसलो. नांगरट ट्रॅक्टर करतो, मोटर घरात बसून मोबाईलवर चालू होते. पूर्वीचे शेतकऱ्याचे पाय आता राहिले कुठे?

पडवीत आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी काळी सायकल भिंतीला टेकून होती. तिला नवे टायर-ट्यूब घातले, चेन बदलली, ब्रेकची रबरे बदलली आणि नेम सुरू केला. सकाळी धारा झाल्या की सहाला निघायचे, धोमच्या धरणापर्यंत जायचे आणि उन्हे वर यायच्या आत परतायचे. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरच्या आत-बाहेर.

परत आलो की आबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले असत. माझ्या तब्येतीचे ते कधी काही विचारीत नसत. त्यांचा एकच प्रश्न ठरलेला, "धरणात पाणी किती?" मग भिंतीवरच्या दगडांच्या किती रांगा उघड्या पडल्या ते मी सांगायचा. त्यावरून ते मनाशी हिशेब करायचे, कालव्याला उन्हाळी पाळ्या किती मिळतील, उसाचा खोडवा ठेवायचा की मोडायचा. सहा वर्षे हा प्रश्न चुकला नाही.

वाटेवर काय दिसते

वाईत शिरले की पहिल्यांदा घाट दिसतात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे इथले सात घाट. माघ-फाल्गुनात या घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे वाईकर सांगतात. मांडव पडतात, कीर्तने होतात, पंगती उठतात.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपती आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ 1762 साली बांधले. मूर्ती एवढी थोरली की लोकांनी नावच ढोल्या ठेवले. दर्शनाला गेलात तर देवळाच्या मागे जाऊन भिंत अवश्य पाहा. ती माशाच्या आकाराची, पुढे निमुळती बांधली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर येऊन दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. पुराला अडवायचे नाही, वाट करून द्यायची आणि आपण जागेवर राहायचे, अशी ती युक्ती. रोज तिथून जाताना मी ती भिंत पाहायचो, पण तिचा अर्थ मला फार उशिरा कळला.

वाई सोडली की तीनेक किलोमीटरवर मेणवली. हे नाना फडणिसांचे गाव. त्यांचा वाडा अजून उभा आहे आणि वाड्यामागे कृष्णेवर देखणा दगडी घाट आहे. 2004 साली आलेल्या 'स्वदेस' सिनेमात तुम्ही हा घाट पाहिला असेल. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ आहे, आणि शेजारी एका छोट्या घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती मुळात देवळाची नाही. चिमाजी आप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू यांची आकृती आहे. ख्रिस्ती लोकांत माणूस गेला की चर्चची घंटा वाजवतात. म्हणजे वसईत असताना या घंटेने कितीतरी घरांतले दुःख गावाला सांगितले असेल.

मेणवलीच्या पुढे पांडवगडाचा डोंगर एका बाजूला ठेवून रस्ता धोमला जातो. दोन्ही अंगांना ऊस, हळद, भाजीपाला. माघात हळद काढून शिजवायला लागतात, तेव्हा काहिलींची ऊब आणि तो उग्र-गोड वास रस्त्यावर येतो. धोम गाव धरणाच्या पायथ्याशी आहे. धौम्य ऋषींवरून हे नाव पडले असे म्हणतात. तिथल्या महादेवापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे. जवळच नरसिंहाचे देऊळ आहे. आणि मग धरणाची लांबलचक भिंत, पलीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे कमळगड. थंडीत पाण्यावर पाहुणी बदके उतरतात. भिंतीजवळ सायकल उभी करून पाच मिनिटे पाणी पाहायचे आणि परत फिरायचे, हा माझा रिवाज.

सूतक

2024 च्या माघात आबा गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. रात्री जेवले, पाणी मागितले, आणि पहाटे उठलेच नाहीत. सोन्यासारखे मरण आले असे सगळे म्हणाले. पण मरण कितीही सोन्याचे असले, तरी ज्याचा बाप जातो त्याला ते लोखंडासारखेच जड लागते.

तिसऱ्या दिवशी सावडणे झाले. भाऊबंदांनी कडू घास आणला. आबा गेले त्या जागी पिठावर दिवा ठेवला होता, त्याच्याजवळ आई बसून होती. मुंबईहून बहीण आली होती, पाहुण्यांची रीघ लागली होती. चौथ्या दिवशी पहाटे सवयीने जाग आली आणि मी पडवीत आलो. सायकलच्या हँडलला हात लावला आणि तसाच उभा राहिलो.

आतून आई म्हणाली, "जायाचं आसंल तर जा. कुणाच्या दारात शिरू नगंस, देवळाची पायरी चढू नगंस. आन् ऊन व्हायच्या आत माघारी ये."

मी गेलो. मुंडण झालेल्या डोक्याला उपरणे गुंडाळले होते, तरी गार वारा कवटीला झोंबत होता. वाईत एका घाटावर उत्सवाचा मांडव पडला होता आणि माणसे सडा घालत होती. दर वर्षी मी तिथे हात जोडून थांबायचो. त्या दिवशी लांबूनच मान लववली आणि पुढे निघालो. मेणवलीच्या वळणावर, आजवर कधी झाले नव्हते तसे, धाय मोकलून रडू आले. घरात पाहुण्यांपुढे मी रडलो नव्हतो, कारण थोरला मुलगा म्हणून सगळ्यांना धीर द्यायचे काम माझ्याकडे होते. इथे कुणी ओळखीचे नव्हते. पायडल मारीत होतो आणि रडत होतो. धरणाच्या भिंतीशी आलो तेव्हा मन बरेच हलके झाले होते. सवयीने दगडांच्या रांगा मोजल्या, आणि मग आठवले की आज हा आकडा विचारायला ओट्यावर कुणी नाही.

घरी आलो तर चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, अंगणात उभे. चार पाहुणे शेजारी बसलेले. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बाप जाऊन चार दिस न्हाई झालं, आन् पोरगा सायकलवर हिंडतोय. आसलं सुतक पहिल्यांदाच बगितलं."

वाचकहो, ते बोलणे अंगाला इंगळासारखे लागले. मी सायकल भिंतीला लावली आणि आत जाऊन बसलो.

पाचव्या दिवशी गेलो नाही. सकाळपासून सतरंजीवर बसून होतो. येणारा प्रत्येक जण विचारी, "कसं झालं?" आणि मी तीच हकिगत पुन्हा सांगे. प्रत्येकाबरोबर अर्धा कप गोड चहा होई. 'नको' म्हणावे तर पाहुण्याला वाईट वाटते. जेवणाची वेळ टळली, गोळी घ्यायची राहिली. दुपारी उठायला गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बहिणीने धरून भिंतीशी बसवले. ती म्हणाली, "दादा, काल तू जाऊन आलास तर दोन घास नीट जेवला होतास. आज काय अवस्था करून घेतलीस! आबांच्या मागं तुलाही जायचंय का?"

तात्या दारात उभे राहून हे ऐकत होते. काही बोलले नाहीत.

सांगावा

रात्री ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "दहाव्याचा सांगावा सगळीकडं गेला, पर धरणाच्या वरल्या अंगाला आबाचा एक जुना सोबती हाय, त्याचा राह्यलाय. त्याला फोनवर ऐकू येत न्हाई. सकाळी सायकलवर जातोस का?"

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. फोन नव्हते तेव्हा मयताचा सांगावा सायकलवरच जायचा. अवेळी अंगणात सायकल थांबली आणि माणूस उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, की घरातल्या बायकांना न सांगताच कळायचे. त्या जुन्या रीतीचा आधार घेऊन तात्यांनी मला वाट मोकळी करून दिली होती.

सहाव्या दिवशी मी धरणाच्या पुढे गेलो. पाण्याच्या कडेने चढाचा रस्ता, सायकल दोनदा हाती धरून चालवली. म्हातारबाबांचे जुने गाव धरणात गेलेले. आता वर उतारावर त्यांचे घर आहे. मी कुंपणाबाहेर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितले, "आबा गेले. दहावा वाईच्या घाटावर आहे." ते काठी टेकीत आले. माझ्या डोक्याकडे आणि सायकलकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तुजा बापबी आसाच आला हुता."

आबा तरुणपणी धरणाच्या कामावर होते एवढे मला ठाऊक होते. पण पुढचे त्यांनी मला कधीच सांगितले नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात धरणाचे काम चालू होते. विहिरी आटलेल्या, रानात गवताची काडी नाही. आबा रोज आमच्या वस्तीवरून भाकरी बांधून सायकलने धोमला येत आणि दगड-मातीचे काम करीत. त्याच सुमारास माझे आजोबा वारले. आबा चौथ्या दिवशी कामावर हजर झाले, डोक्याला फडके गुंडाळून. मुकादम म्हणाला, "सुतकात कसा आलास रे?" आबा म्हणाले, "घरात आठ तोंडं हायेत, हजेरी बुडली तर खातील काय? आन् घरात बसून तरी काय करू? हितं दगूड तरी उचलीन."

म्हातारबाबा म्हणाले, "समदे नावं ठेवीत हुते त्याला. म्याबी पयल्या दिशी बोललो न्हाई. दुपारी त्यानं भाकरी सोडली, आन् निस्ता बगत बसला. मग म्या माजा कांदा फोडून त्याच्या भाकरीवर ठिवला. तवापास्नं सोबत."

म्हातारबाबांकडे पाहताना मला वाटले, ज्याचे गाव पाण्याखाली गेले त्याने आणि ज्याचा बाप गेला त्याने एकाच भिंतीला दगड लावले. त्याच भिंतीपाशी मी सहा वर्षे रोज सायकल उभी करीत होतो. सायकल तीच नव्हती, ती केव्हाच मोडीत गेली. वाट मात्र तीच.

घरी येऊन तात्यांना सांगितले. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मी तवा शाळंत हुतो. बाप मेला आन् ह्यो सायकल घिऊन निगून जातो, म्हून महिनाभर त्याच्याशी बोललो न्हाई. त्याच हजेरीच्या पैशावर माजी शाळा झाली. हे मला लई उशिरा उमगलं. आन् परवा तुला बगून पुन्ना तीच चूक केली."

त्यानंतर तेराव्यापर्यंत एक दिवसही नेम चुकला नाही. मी परतायला लागलो की तात्याच फाटकाशी उभे असत.

आईची धार

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. सातव्या दिवशी पहाटे निघताना पाहिले, तर आई दिव्याजवळ बसली होती आणि गोठ्यात गाय हंबरत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून गाईची पहिली धार आईचीच. माझा नेम सहा वर्षांचा, तिचा साठ वर्षांचा. आबा गेल्यापासून बायकांनी तिला कोपऱ्यातून उठू दिले नव्हते. 'विधवा बाईने इतक्यात बाहेर पडू नये,' एवढेच कारण. मी माझ्या नेमासाठी रुसलो, भांडलो, पण तिच्या नेमाचे मला सुचलेही नाही.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे तुम्ही ऐकले असेल. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे आम्ही आमच्या घरी होऊ दिले नव्हते, आणि त्यात आपण फार केले असे मला वाटत होते. पण नुसत्या बांगड्या ठेवून माणूस कोपऱ्यातच बसवून ठेवला तर काय उपयोग? मी सायकल सोडली, चरवी घेतली आणि आईच्या हातात दिली. ती काही न बोलता उठली. कुणी काही बोलण्याआधी तात्याच म्हणाले, "जाऊ द्या तिला. गाय खोळंबलीया." गोठ्यातून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येऊ लागला, तेव्हा मी निघालो.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला लवकर शिवेना. तात्या पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "वहिनीची काळजी करू नगंस." थोड्या वेळाने कावळा शिवला. राख थोडी कृष्णेत सोडली आणि थोडी बांधावर खड्ड्यात घालून वर आंब्याचे रोप लावले. ते रोप मी धोमच्या वाटेवरून सायकलच्या कॅरेजवर बांधून आणले होते.

तुमच्यासाठी दोन शब्द

वाचकहो, घरात दुःख आले म्हणून सूतक मोडा, असे मी सांगत नाही. सुतकालाही अर्थ आहे. दहा दिवस चार माणसे जवळ बसतात, घास भरवतात, दुःखी माणसाला एकटा सोडत नाहीत. पण ज्याच्या अंगात काही चांगला नेम मुरला आहे, मग ते चालणे असो, सायकल असो, धार असो की पोथी, त्याचा तो नेम हिसकावून घेऊ नका. पुराच्या पाण्यात ढोल्या गणपतीच्या मागची भिंत जे काम करते, तेच काम नेम करतो. दुःख थांबत नाही, पण दोन्ही बाजूंनी वाहून जायला त्याला वाट मिळते.

काही गोष्टी मात्र सांभाळा. अशा दिवसांत मन थाऱ्यावर नसते, म्हणून वेग कमी ठेवा. उसाच्या ट्रॉलींना पुष्कळदा मागे दिवा नसतो, तेव्हा फटफटल्याशिवाय हमरस्त्यावर येऊ नका. पांढरे कपडे घाला, मुंडण असेल तर डोके झाका. साखरेच्या माणसाने उपाशीपोटी लांब जाऊ नये आणि गोळ्यांची वेळ चुकवू नये. चहा 'बिनसाखरेचा' मागायला लाजू नका, पाहुणे समजून घेतात. झोप मुळीच झाली नसेल तर त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत फिरा. पायडल मोजून नेम होत नाही. रोज दाराबाहेर पाऊल पडले की झाला.

आणि घरातल्या बायकांनाही विचारा, "तुझा नेम कोणता?" पुरुषाला निदान सायकल काढून निघता येते. चुलीपुढे पाहुण्यांच्या भाकरी थापणाऱ्या बाईला कुठे जाता येते?

तेराव्याचे गोड जेवण झाले, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी मी नेहमीप्रमाणे धोमला जाऊन आलो. सायकल पडवीत लावली. ओटा रिकामा असणार म्हणून मी मान वर केली नव्हती. पण आई चरवी धुऊन तिथे येऊन बसली होती, आबांचीच घोंगडी पांघरून.

तिने विचारले, "धरणात पाणी किती?"

मी दगडांच्या रांगा सांगितल्या. तिला त्यातले काही कळले नसावे. पण ती म्हणाली, "मंग खोडवा ठिवू या."